लांब पल्ल्याच्या गाडीला मधले थांबे वाढवून रोजच्या प्रवाशांची सोय होईल का?

तुमचा प्रश्न असा की, एकाच मार्गावर रोज कामाला जाणारे आणि लांबचे असे दोन्ही प्रवासी असतील, तर लांब पल्ल्याच्या गाडीलाच मधल्या स्टेशनांवर थांबे का देऊ नयेत? मी कट्टर पासधारक आहे, तरी माझं उत्तर ‘देऊ नयेत’ असंच आहे.

थांबा एका मिनिटाचा दिसतो. पण वेग उतरवणं आणि पुन्हा पकडणं धरलं तर तीन-चार मिनिटं सहज जातात. त्यात या डब्यांची दारं अरुंद आणि टोकाला, त्यामुळे सकाळची गर्दी चढता-उतरता आणखी वेळ मोडतो. शिवाय शेकडो किलोमीटर मागे कुठेतरी रखडलेल्या गाडीवर रोजच्या हजेरीचा भरवसा कोण ठेवणार?

खरी वाटणी रुळांवरच्या वेळेची असते. समजा, एक टप्पा कापायला लोकलला 60 मिनिटं लागतात आणि जलद गाडीला 40. दोन गाड्यांत किमान 4 मिनिटांचं अंतर हवं. मग लोकलच्या मागून जलद गाडी 24 मिनिटांनीच सोडता येते, नाहीतर ती वाटेत लोकलला गाठेल. दोघींचा वेग सारखा असता तर 4 मिनिटांनी सुटली असती. मधली 20 मिनिटं, म्हणजे पाच गाड्यांची जागा, वाया गेली. म्हणून गर्दीच्या तासांत सारख्या वेगाच्या गाड्या ओळीने सोडाव्यात, आणि उशिरा आलेल्या एक्सप्रेससाठी खच्चून भरलेली लोकल बाजूला काढू नये. या मुद्द्यावर मी अजिबात मागे हटणार नाही.

कायमचा उपाय म्हणजे वेगळे रूळ. जपानमध्ये 1964 साली सुरू झालेली तोकाइदो शिनकानसेन, म्हणजे टोकियो-ओसाका बुलेट ट्रेनचा स्वतंत्र मार्ग, बांधली ती जुना मार्ग गाड्यांनी तुंबला होता म्हणून. टोकियोभोवती लोकल आणि लांबच्या गाड्यांच्या मार्गिकाही पुढे वेगळ्या करत नेल्या. स्वित्झर्लंडने 1982 मध्ये देशभर ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक आणलं. तिथे मोठ्या जंक्शनांवर लांबच्या आणि जवळच्या गाड्या थोड्या वेळाच्या फरकाने एकत्र येतात आणि प्रवासी गाडी बदलतात. प्रत्येक गाडीने प्रत्येक गावी थांबण्याची गरजच उरत नाही.

सगळ्यात जास्त हाल होतात ते शहरापासून ऐंशी-शंभर किलोमीटरवर राहणाऱ्यांचे. लोकल तिथवर पोचत नाही, एक्सप्रेस थांबत नाही. त्यांच्यासाठी लांबच्या टोकाला सगळीकडे थांबणारी आणि शहराजवळचा पट्टा न थांबता ओलांडणारी गाडी हवी. तिचे डबे रुंद दारांचे असावेत. जवळच्या स्टेशनांना लोकल आहेच.

तुम्ही निवेदन देणार असाल तर एक्सप्रेसच्या थांब्याऐवजी सकाळ-संध्याकाळ अशी एकेक गाडी मागा, आणि सोबत मधल्या एखाद्या स्टेशनावर जलद गाडीला पुढे काढता येईल अशी लूप लाइनही.