एचआयव्हीची औषधं चालू असलेली माणसं किती वर्षं जगतात? कामधंदा करू शकतात का?

तुम्ही लिहिलंय की चुलत बहिणीचे मिस्टर वारले, मग तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली, आता एआरटी सेंटरची, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात त्या केंद्राची, गोळी सुरू झालीय, तर अशी माणसं किती काढतात. त्या माणसांतलीच मी एक, सातारा जिल्ह्यातली, पुढचा पत्ता विचारू नका.

काम करता येतं. मी रानात करते, सेंटरला गोळ्यांच्या लाईनीत भेटणाऱ्या बाया शिवणकाम करतात, कुणी अंगणवाडीत मदतनीस आहे. लाईनीत कोण असतं म्हणाल तर निम्म्या माझ्यासारख्याच, नवऱ्याकडून आलेल्या, कितीतरी विधवा. बाया बऱ्याचदा बाळंतपणाच्या तपासणीत सापडतात म्हणून लवकर येतात, पुरुष मात्र अंगावर काढून काढून टीबी झाल्यावर येणार. ऊसतोडीवाले हंगामाला निघायच्या आधी येऊन दोनतीन महिन्यांच्या गोळ्या सोबत नेतात. जन्मापासून असलेली पोरं आता कॉलेजला जातात, लग्नं पण झालीत काहींची. आणि गावाजवळचं सेंटर सोडून लांबच्या तालुक्याला जाणारे पण खूप, कारण काय ते कळतंयच.

आता वर्षांचं. हा हिशोब माझ्या थोरल्या दिरांनी फार पूर्वी करून ठेवला होता. आमचे हे ट्रकवर होते, मुंबई-बंगलोर. ते गेले, तेरावं झालं आणि सोप्यात सगळी भावकी बसलेली असताना दीर म्हणाले, हिचं नाव सातबाऱ्याला लावून काय करायचंय, दोन वर्षांत परत कमीच करायला लागणार, तलाठ्याकडं उगं दोनदा हेलपाटा. एक माणूस बोललं नाही. माझं ताट-तांब्या तर दवाखान्यातनं रिपोर्ट आला त्याच दिवशी जावेनं वेगळं केलेलं. वडील म्हणाले सोड, माहेरी चल. मी गेले नाही. मृत्यू दाखला घेऊन तलाठ्याकडं वारसाचा अर्ज दिला, नोटीस निघाली तर दिरांनी हरकत घेतली, कारण काय तर बाई आजारी आहे. मंडल अधिकाऱ्यांनी तिथंच सांगितलं की आजार वारसाच्या आड येत नाही, विधवेचा हक्क तो हक्क. नाव लागलं. त्या रानात मी आलं करते, पोरगी निगेटिव्ह आहे, नर्सिंगला आहे.

दिरांना आता शुगर आहे, पायाचं एक बोट काढलं, गोळ्यांचा डबा माझ्यापेक्षा मोठा. गेल्या वर्षापासून सामाईक विहिरीच्या पाईपलाईनला माझी सही पाहिजे म्हणून निरोप येतायत. दिली नाही अजून. मोठं मन करा वगैरे कुणी कमेंटमध्ये लिहू नका.

तब्येतीचं म्हणाल तर आमच्या वेळी सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, बराच खाली आल्याशिवाय गोळीच सुरू करत नसत, 2017 पासून टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच सुरू. पहिल्या गोळ्यांनी माझे गाल बसले, हातपाय काड्या झाले, लोकांना न सांगता कळायचं. नंतरच्या गोळीनं रात्री भलती स्वप्नं पडायची, सकाळी गरगरायचं. आताची डोल्युटेग्राविरवाली दिवसाला एकच आणि बरी आहे, पण वजन वाढतं काहींचं, शुगर बघत राहायला लागते. वर्षातनं एकदा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ती टेस्ट, करतात, तो दबलेला राहिला तर माणूस धडधाकट असतो, आणि व्हायरस टेस्टमध्ये सापडतच नाही इतका कमी राहिला तर संबंधातून दुसऱ्याला जात पण नाही. ताटवाटीतनं तर कधीच जात नव्हता, हे त्या जावेला कोण सांगणार.

हे सगळं गोळी रोज घेतली तर. बरं वाटतंय म्हणून सोडणारे मी बघितलेत, परत आले तेव्हा ओळखू येत नव्हते. खोकला, रात्रीचा घाम, वजन उतरणं असलं काही असेल तर बहिणीनं सेंटरला लगेच सांगायचं, टीबी आमच्यातल्यांना पटकन धरतो. उशिरा सापडलेल्यांना जड जातं हेही खरं, तिचा सीडीफोर किती ते तुम्ही लिहिलं नाही. लवकर सुरू झालं असेल आणि चुकवलं नाही तर जवळजवळ बाकीच्यांएवढंच आयुष्य, असं आमचे डॉक्टर सांगतात. नोकरीला असेल तर एवढ्या कारणावरून काढता येत नाही, 2017 चा कायदा आहे, राहत्या घरातून बाहेर काढायला पण त्यात मनाई आहे. उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलला करा, या आजाराला त्यात पैसे मिळतात.

पण त्याच्या आधी तिला विचारा वारसनोंद झाली का. सासरचे गोड बोलत असले तरी विचारा. झाली नसेल तर मृत्यू दाखला, रेशनकार्ड, आधार घेऊन तुम्ही स्वतः तिच्याबरोबर तलाठ्याकडं जा, आणि अर्जात पोरांची नावं पण घाला, माझ्या पोरीचं तेव्हा राहिलं होतं ते लावायला नंतर वेगळा फेरफार करावा लागला.