आधी पगार लिही

प्रिय पोरी,

बायकांच्या हिमोग्लोबिनच्या कामाचा तुझा प्रस्ताव वाचला, सोबतची चिठ्ठीही वाचली. "कोणती कंपनी पैसे देईल तेवढं सांगा ताई," असं तू लिहिलंयस. ते सांगते, पण जरा दम धर. आधी तुझ्या बजेटमधली सातवी ओळ बघू. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली बारा गावं, चार आरोग्यसखी, दरमहा १,५०० रुपये मानधन, वर्षाचे ७२,०००. प्रस्ताव सहा लाखांचा. म्हणजे राबणाऱ्या बायकांना शंभरातले बारा रुपये, आणि बाकीचे फिरत्या गाडीच्या भाड्याला, शिबिराच्या मांडवाला, टॅबला आणि फलकांना.

आधी पगार लिही. बाकीचं बजेट त्याच्या खाली.

काम किती आहे ते मोजलंस का? बारा गावांची लोकसंख्या साधारण १८,००० धर. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायका त्यात ढोबळमानाने चौथा हिस्सा, म्हणजे ४,५००. एका सखीच्या वाट्याला तीन गावं आणि १,१२५ बायका. घरी जाऊन समजावून, बोट टोचून, हिमोग्लोबिन तपासून, वहीत नोंद करून दिवसाला पंधरा बायका झाल्या तर फार झाल्या. नुसत्या पहिल्या फेरीला ७५ दिवस लागतात. तीन महिन्यांनी फेरतपासणी म्हणजे आणखी ७५. मधल्या काळात दर महिन्याला गोळ्या पोचवणं, "मळमळतंय म्हणून सोडल्या" म्हणणाऱ्या बाईजवळ बसणं, हे वेगळंच. हे फावल्या वेळातलं काम आहे का? आणि गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली निघालं की तिला घरी गोळ्या देत बसता येत नाही, दवाखान्यात न्यावं लागतं. गाडी कोण करणार, सोबत कोण जाणार, त्या दिवसाची मजुरी कोण भरणार? तुझ्या बजेटात याला एकही ओळ नाही. ती सखीच स्वतःच्या पदरचे घालणार, हे तू गृहीत धरलंस.

माझ्या हिशेबाने असं लिही. चार सख्या, प्रत्येकी ९,००० दरमहा, वर्षाचे ४,३२,०००. एक समन्वयक, २२,००० दरमहा, २,६४,०००. अर्धवेळ हिशेबनीस, ६,००० दरमहा, ७२,०००. झाले ७,६८,०००. त्याच्याखाली प्रवास: सखीला १,५०० आणि समन्वयकाला ३,५०० दरमहा, मिळून १,१४,०००. बघ, तू जेवढं मानधन लिहिलं होतंस तेवढं सख्यांचं नुसतं गाडीभाडं निघालं. मग तपासणीच्या पट्ट्या: दोन फेऱ्यांच्या ९,०००, आणि वाया जाणाऱ्या दहा टक्के धरून ९,९००. त्यांची किंमत तीन कोटेशनं मागवून टाक, अंदाजाने टाकू नकोस. लोहाच्या गोळ्या मात्र विकत घेऊ नकोस. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, आणि सरकार जे देतं त्याला पैसे मागितले की पहिल्याच चाळणीत प्रस्ताव बाजूला पडतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांचं गोळ्या पुरवण्याचं पत्र घे, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी घे, दोन्ही जोड.

मग सहा लाखांत बसत नाही म्हणशील. तर जेवढी बसतात तेवढीच गावं घे. गावं कमी करायची, पगार नाही.

"ॲडमिनचा खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही," असं कंपनीच्या अधिकाऱ्याने तुला सांगितलं आणि तू मान डोलावलीस. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाच्या, नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवायला केलेल्या सामान्य प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांचा थेट खर्च त्याच व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळला आहे. सखीचा पगार म्हणजेच अंमलबजावणी. तेव्हा बजेटमध्ये "मनुष्यबळ" आणि "प्रशासन" एका डब्यात कोंबू नकोस. सखी आणि समन्वयक प्रकल्पखर्चात. ऑफिसचं भाडं, ऑडिट, वीजबिल वेगळं. परदेशी निधीला २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, पण तिथेसुद्धा दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार प्रशासनात धरत नाहीत. परदेशी निधीचा नाद तूर्त सोड. तीन वर्षांचं काम आणि त्यावर किमान १५ लाखांचा खर्च दाखवल्याशिवाय परदेशी निधी घ्यायची नोंदणी मागता येत नाही.

आता कंपन्या. कंपनी कायद्याचं कलम १३५ म्हणतं, कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं. म्हणून मराठवाड्यातला बराच पैसा छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या आसपास घुटमळतो आणि बालाघाटाच्या डोंगरात पोचत नाही. धाराशिव आकांक्षित (केंद्राने मागास म्हणून खास लक्ष द्यायला निवडलेल्या) जिल्ह्यांच्या यादीत आहे, बीड नाही, तोही फरक पडतो. पण प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे. शंभर ठिकाणी एकच ईमेल पाठवण्यापेक्षा दहा कंपन्यांचे वार्षिक अहवाल काढ. संचालक मंडळाच्या अहवालाला सीएसआरचं परिशिष्ट असतं. कोणता जिल्हा, किती रक्कम, कोणत्या संस्थेमार्फत, हे त्यात सापडतं. सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवरही जिल्हावार बघता येतं. ज्यांनी बीड, लातूर, परभणीत आरोग्यावर आधी खर्च केलाय त्या तीन-चार निवड आणि तेवढ्यांनाच लिही. पवनचक्क्या, सौरप्रकल्प, बँका यांच्याकडेही बघ, कारखानाच हवा असं काही नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), दर्पण क्रमांक (संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा), तीन वर्षांचे ऑडिट, आणि सीएसआर-१ ची नोंदणी (२०२१ पासून ती नसेल तर कंपनीला तुमच्यामार्फत खर्च करताच येत नाही). सगळ्यात जास्त संस्था अडकतात त्या चेंज रिपोर्टवर. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवायचं असतं. तुमचे जुने अध्यक्ष जाऊन दोन वर्षं झाली आणि परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या तुमच्या नोंदीवर, अजून त्यांचंच नाव आहे. उद्याच जा.

दुसरी मोठी चूक तारखांची. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, आपल्या गावाचं तसं नाही. दसरा-दिवाळीला उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमामागे निघतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं अन् कुलपं राहतात. पावसाळ्यात प्रस्ताव मंजूर होणार, नोव्हेंबरात पहिला हप्ता येणार आणि ३१ मार्चपर्यंत खर्च संपवा म्हणणार! ज्या बायकांसाठी पैसे आणले त्या तेव्हा कुठल्या तरी फडात कोयता चालवत असतात. मग शिबिरं उरकली जातात, फोटो निघतात. म्हणून प्रस्तावातच "चालू प्रकल्प" म्हणून मंजुरी माग. सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तसा प्रकल्प चालवता येतो. न खर्चलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकते, ती बुडत नाही. जानेवारी ते मार्च घरयादी आणि सख्यांचं प्रशिक्षण, मे ते जुलै पहिली फेरी, ऑगस्टपासून टोळ्या निघेपर्यंत फेरतपासणी. जूनमध्ये पेरणी असते, तेव्हा तपासणी संध्याकाळी ठेव.

पहिल्या हप्त्याबद्दल करारातच लिहून घे: त्यात सहा महिन्यांचे पगार निघाले पाहिजेत. दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर (पैसे ठरल्याप्रमाणे खर्चले या दाखल्यावर) अडतो, ते सीएच्या सहीवर अडतं, सही बिलांवर अडते. या सगळ्यात दोन-तीन महिने सहज जातात आणि पहिला बंद पडतो तो पगार. गाडीवाल्याचं भाडं थकलं तर तो गाडी उभी करतो. सखी मात्र येतच राहते, आणि आपण त्याला सेवाभाव म्हणतो. मला या शब्दाची आता चीड येते. असे स्वस्त केलेले किती प्रस्ताव माझ्याही सहीने गेले, ते विचारू नकोस.

फिरता दवाखाना हवाच, असं कंपनीवाले म्हणतील. त्यांना गाडीवर नाव रंगवता येतं, सखीच्या पाठीवर येत नाही, एवढंच त्यामागचं कारण. देऊ देत, पण चालक, डिझेल, विमा, टायर आणि आत बसणारी नर्स यांचे पैसे किती वर्षं देणार ते लेखी घे. नसता वर्षभराने ती गाडी लिंबाखाली उभी राहते. जामखेड आपल्या शिवेला लागून आहे, म्हणून जो तो त्याचं उदाहरण देतो: १९७० मध्ये आरोळे डॉक्टर दांपत्याने सुरू केलेलं गावांच्या आरोग्याचं काम, गावातल्या कमी शिकलेल्या बायकांनी पेललेलं. त्या बायका आठवड्याच्या आठवड्याला, वर्षानुवर्षं प्रशिक्षणाला येत, हे मात्र कुणी सांगत नाही. प्रशिक्षणाला पैसे लागतात. तेही लिही.

गरजेचं पान तू ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांनी उघडलंस. २०१९ मध्ये त्यावर राज्याची समिती बसली, देशभर छापून आलं, विषय खराच आहे. पण तुझं काम हिमोग्लोबिनचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीतलं बीडचं जिल्हापत्रक घे, मग आरोग्य केंद्राची नोंद, मग तुझी स्वतःची दोन गावांची घरयादी. तीन आकडे पुरतात.

माझ्या अशा वागण्याने पैसे हातचे जातात, असं इथले लोक म्हणतात. जातात. पगार खोडून मंजूर झालेला प्रस्ताव परत केला की समोरचा चकित होतो, कधी रागावतो. काही जण पुढच्या वर्षी पगारासकट मंजूर करतात, काही फोन उचलत नाहीत. त्यात माझा अहंकार किती आणि हिशेब किती, ते तू ठरव. पण चार बायकांना १,५०० रुपयांत राबवून "महिला सक्षमीकरण" असा मथळा देणाऱ्या कागदावर माझी सही मिळणार नाही, आणि तुझ्या प्रस्तावाला माझं शिफारसपत्र हवंय म्हणून हे सांगणं भाग आहे.

बुधवारी मी अंबाजोगाईत आहे, दुपारी दोननंतर ये. चेंज रिपोर्टची पोच, पट्ट्यांची तीन कोटेशनं आणि नवीन बजेट आण. चार सख्यांपैकी एकीला तरी सोबत आण, आणि ९,००० तिला पुरतात का, ते आधी तिलाच विचार.

तुझी,
ताई