अमेरिकन स्टडीजची भेळ आणि शिकागोतलं एक घर

तुम्ही विचारलंय की इंग्रजीत एम.ए. झालंय, आता अमेरिकेत अमेरिकन स्टडीजच्या पीएचडीला अर्ज करावा का. आणि इतिहास, साहित्य, कायदा, समाजशास्त्र अशी सगळ्याची भेळ करून शेवटी हाती काय लागतं. माझी पीएचडी याच विषयातली आणि आता शिकवतेही हेच, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

भेळेची शंका रास्त आहे. कच्ची तयारी असली तर भेळच होते. पण चांगलं काम कसं दिसतं ते एका उदाहरणावरून बघा. लॉरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’ हे १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आलेलं नाटक तुम्ही एम.ए.ला वाचलं असेल. गोऱ्यांच्या वस्तीत घर घेणारं कृष्णवर्णीय कुटुंब, वगैरे. साहित्याचा विद्यार्थी पात्रं, संवाद आणि ज्या लँग्स्टन ह्यूजच्या कवितेतून शीर्षक आलं ती कविता बघतो आणि पेपर लिहून मोकळा होतो.

आता कायद्याच्या वर्गात जा. तिथे ‘हॅन्सबेरी विरुद्ध ली’ हा सुप्रीम कोर्टाचा १९४० चा निकाल शिकवतात. यातले हॅन्सबेरी म्हणजे लेखिकेचे वडील. त्यांनी १९३७ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात घर घेतलं. त्या वस्तीतल्या घरमालकांनी आपसात करार केला होता की कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही. करार लागू व्हायला रस्त्याकडच्या ९५ टक्के दर्शनी जागेच्या मालकांच्या सह्या हव्या होत्या. प्रत्यक्षात होत्या सुमारे ५४ टक्क्यांच्या. तरी हॅन्सबेरींना बाहेर काढायला शेजारी कोर्टात गेले, कारण आधीच्या एका खटल्यात दोन्ही बाजूंनी ‘सह्या पुरेशा आहेत’ असं मान्य करून टाकलेलं! त्या आधीच्या खटल्याचा निकाल हॅन्सबेरींवर बंधनकारक नाही, एवढंच सुप्रीम कोर्ट म्हणालं. घर वाचलं, पण असे करार करणं योग्य की अयोग्य यावर कोर्टाने चकार शब्द काढला नाही. कोर्टांनी असे करार अंमलात आणायचे नाहीत, हे ठरायला १९४८ उजाडलं. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल प्रक्रियेच्या मुद्द्यासाठी वाचतात. त्यातल्या अनेकांना नाटकाचा पत्ताही नसतो.

त्याच काळात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले: हिरवा, निळा, पिवळा आणि कर्ज द्यायला ‘धोकादायक’ वस्त्यांना लाल. प्रत्येक वस्तीच्या फॉर्मवर तिथे कृष्णवर्णीय किती, परदेशी किती, अशा नोंदी आहेत. हे स्कॅन आज घरबसल्या बघता येतात. आता नाटक, निकाल आणि नकाशा टेबलावर शेजारी ठेवा. नाटकात वस्तीतर्फे एक सभ्य गृहस्थ येऊन ‘पैसे घ्या, पण इथे राहायला येऊ नका’ असं सुचवतो. तो प्रसंग आता निव्वळ कल्पनेतला वाटत नाही. या विषयात हे असं वाचायला शिकवतात.

तेव्हा अर्जात ‘मला अमेरिकन संस्कृतीत रस आहे’ असलं वाक्य नको. एका विषयाच्या चौकटीत मावत नाही असा प्रश्न हवा.

मराठी येणं ही तुमची जमेची बाजू आहे. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना अर्पण केली, आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत ड्यू बॉइसना पत्र लिहिलं, १९७२ मध्ये मुंबईत अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेली दलित पँथर उभी राहिली. मराठी न येणाऱ्याला यातलं बरंचसं बंदच. मात्र ‘जात आणि वंश सारखेच’ एवढ्यावर थांबलात तर प्रवेश समिती ताबडतोब विचारेल की अमेरिकेतली कोणती कागदपत्रं बघणार? उत्तर तयार ठेवा.

नोकरीचं स्पष्टच सांगते: अमेरिकन स्टडीज नावाच्या जागा थोड्या निघतात. निघतात त्या इतिहासाच्या, इंग्रजीच्या, आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाच्या विभागात, आणि निवड समिती विचारते, ‘मूळ विषय कोणता?’ म्हणून एक पाय घट्ट रोवा. तुमच्या बाबतीत साहित्य आहेच. इतिहासाच्या दोन-तीन सेमिनार आणि अभिलेखागारात, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, काम करायची सवय जोडा. संग्रहालयं, अभिलेखागारं इथेही वाट निघते, पण व्हिसाचं गणित आधी मांडा.

फी भरून अमेरिकेत एम.ए. करू नका, हे माझं ठाम मत. पीएचडीला बहुतेक ठिकाणी शिकवण्याच्या बदल्यात फीमाफी आणि विद्यावेतन असतं. अलीकडे बऱ्याच विद्यापीठांनी मानव्यविद्यांचे प्रवेश कमी केलेत, म्हणून बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतली, अमेरिकेचाच अभ्यास करणारी जॉन एफ. केनेडी इन्स्टिट्यूटही यादीत ठेवा. तिथे संस्कृती, साहित्य, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच छपराखाली आहेत.

प्राध्यापकांना मेल कराल तेव्हा त्यांचं एखादं पुस्तक खरोखर वाचून करा, मेल आटोपशीर ठेवा आणि ‘यंदा विद्यार्थी घेणार आहात का’ हे पहिल्याच परिच्छेदात विचारा.