अडचणीच्या जागेत काम करायला रॅचेट पाने कोणते घ्यावेत?

तुमचा प्रश्न असा, की घरची जुनी गाडी तुम्ही स्वतःच खोलता, हात जेमतेम जाईल अशा जागी नट फिरवायला रॅचेट पाने घ्यायचेत, तर ७२ दात्यांचे घ्यावेत की १२० चे. मी काही मेकॅनिक नाही. पण बरेच रविवार आमच्या मारुतीच्या बॉनेटखाली घालवलेत आणि नेमक्या याच प्रश्नापायी एकदा पैसेही घालवलेत.

दात्यांचं आधी उरकतो. रॅचेट पाना म्हणजे असा रिंग पाना, जो एका दिशेने बोल्ट फिरवतो आणि उलट आणताना आतल्या दात्यांवरून कट् कट् करत नुसता सरकतो, त्यामुळे उचलावा लागत नाही. ७२ दाते म्हणजे दर ५ अंशांना एक कट्, १२० म्हणजे दर ३ अंशांना. समजा पाना हलवायला २० अंश जागा आहे. ७२ वाल्याचे चार कट् बसतात, बोल्ट २० अंश फिरतो. १२० वाल्याचे सहा बसतात, बोल्ट १८ अंश फिरतो. म्हणजे महागडा पाना इथे दोन अंश मागेच! तो कामाला येतो जिथे पाना ५ अंशसुद्धा हलत नाही तिथे, आणि तशी जागा मला आजवर एखाददुसऱ्या वेळीच भेटली. साध्या बाराकोनी रिंग पान्याला मात्र दर वेळी ३० अंश लागतात आणि उचलून पुन्हा बसवावा लागतो तो वेगळाच. १० मिलीमीटर जाडीच्या, सव्वा मिलीमीटर पिचच्या (म्हणजे एका फेरीत तेवढा सरकणाऱ्या) बोल्टचे २० मिलीमीटर आटे सोडायचे तर १६ फेऱ्या होतात. फेरीला बारा वेळा उचला म्हटलं की १९२ वेळा. तेही न दिसणाऱ्या जागी, चाचपडत. एवढा त्रास वाचवायला ७२ दाते पुरून उरतात.

पाहायचं असतं ते पान्याचं डोकं. रॅचेटचं डोकं साध्या रिंगपेक्षा जाड आणि रुंद असतं, कारण आत दाते, त्यांत अडकणारी खीळ, स्प्रिंग सगळं बसवलेलं असतं. साधी रिंग जिथे सुळकन जाते तिथे हे अडकतं. मी आता कामाच्या जागी आधी पुठ्ठ्याचा तुकडा घालून बघतो. वहीचा पुठ्ठा डोक्याएवढा कापायचा, जाडीसाठी दोन-तीन थर चिकटवायचे आणि बोल्टपाशी सरकवायचा. पुठ्ठा गेला तर पाना जाईल.

दुसरं म्हणजे खटका. रॅचेट पाने दोन प्रकारचे मिळतात. एक सपाट, ज्यात उलट दिशेने फिरवायला पाना काढून पालथा घालायचा. दुसऱ्यात डोक्यावर छोटा खटका असतो, तो सरकवला की दिशा बदलते. सपाट वाला सडपातळ, स्वस्तही. मी हौसेने तोच आणला होता.

आल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, काढायचा होता. त्याचा खालचा लांब बोल्ट, डोकं १४ मिलीमीटरचं, तोंड बाजूच्या पत्र्याकडे. पाना झकास बसला, कट् कट् करत बोल्ट बाहेर यायला लागला, मी खूश. दहाएक फेऱ्यांनंतर पाना पत्र्याला टेकला. बोल्ट पुढे येईना, कारण पुढे पत्रा. पाना निघेना, कारण तो बोल्टच्या डोक्यावर बसलेला आणि बाहेर सरकायला जागाच नाही. उलटा फिरवावा तर त्यासाठी पाना काढून पालथा घालायला हवा! शेवटी इंजिनाच्या माउंटिंगचा नट सोडला, खाली लाकडाची फळी घालून जॅकने इंजिन जरासं उचललं, तेव्हा सुटका झाली. खटक्याचा पाना असता तर चार फेऱ्या उलट्या आवळून बाहेर काढला असता आणि उरलेलं काम साध्या पान्याने केलं असतं.

म्हणून माझं मत: बोल्टच्या समोर भिंत असेल तर खटक्याचाच घ्या, डोकं थोडं जाड असलं तरी. समोर मोकळं असेल तर सपाट चालेल. मान वाकणारे पाने आडव्या पाइपला वळसा घालायला बरे, पण जोर लावला की लटपटतात. पहिल्या खरेदीत तरी मी घेणार नाही.

अख्खा सेट घेऊ नका. जपानी पद्धतीच्या गाड्यांत १०, १२ आणि १४ मिलीमीटरच्या पान्यांवर बहुतेक काम भागतं. युरोपीय पद्धतीची गाडी असेल तर १२ च्या जागी १३ आणि १४ च्या जागी १६ किंवा १७ लागतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत सुटे पाने हातात घेऊन बघता येतात. तिथे पाना कानाजवळ धरून फिरवा. आवाज एकसारखा यायला हवा, मध्येच एखादा दाता गिळल्यासारखा नको.

वापरताना एक पथ्य. जाम बोल्ट पहिल्यांदा सैल करायला रॅचेट वापरायचा नाही, दांडा लांब करायला पाइप लावून तर मुळीच नाही. आतली खीळ बारीक असते, ती जाते. आधी साध्या रिंग पान्याने बोल्ट सैल करायचा, मग रॅचेट. शेवटचं आवळणंसुद्धा साध्या पान्याने किंवा टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने. आणखी एक गंमत अशी, की बोल्ट अगदीच सैल झाला की रॅचेट कट् करत नाही, बोल्टलाच मागे-पुढे घेऊन फिरतो. पाना बिघडला असं वाटतं, तसं नसतं. खिळीला मागे सरकायला बोल्टचा थोडा विरोध लागतो. तिथून पुढे बोटांनी सोडवा.

आणि आल्टरनेटर किंवा स्टार्टरपाशी हात घालणार असाल तर सगळ्यात आधी १० चा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आल्टरनेटर-स्टार्टरला येणाऱ्या जाड पॉझिटिव्ह वायरीत किल्ली बंद असतानाही करंट असतो, आणि अडचणीच्या जागेत पान्याचं दुसरं टोक कुठे टेकतंय ते आपल्याला दिसत नसतं.