श्रद्धांजलीचा अर्धा तास

21 फेब्रुवारी 2024

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. रेडिओचे निवेदक अमीन सयानी गेले, त्यांच्यावरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम तुझ्या गळ्यात पडलाय, रेकॉर्डिंग उद्या दुपारी आहे, आणि त्यांची 'बिनाका गीतमाला', तो सिनेगाण्यांचा कार्यक्रम, बंद झाली तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. म्हणून तू घाबरली आहेस. मला तर तुलाच हे काम दिलं ते बरं झालं असं वाटतं. आम्हा जुन्यांच्या हाती माइक दिला असता, तर अर्धा तास आमच्या बालपणावरच संपला असता. तुला लोकांना विचारावं लागेल, आणि उद्या विचारणारंच कुणीतरी हवं आहे.

आधी पथ्यं सांगतो. 'बहनों और भाइयों' तू म्हणायचं नाहीस. आज सकाळपासून जो उठतो तो तेच म्हणतोय, अगदी बातम्या देणारेसुद्धा. ती हाक त्यांच्याच आवाजात, एकदाच येऊ दे, आणि तीही सुरुवातीला नको. 'एका युगाचा अंत', 'आवाजाचा जादूगार', 'कधीही भरून न येणारी पोकळी' हे सगळं स्क्रिप्टमधून काढ. पुढाऱ्यांचे शोकसंदेश एका वाक्यात गुंडाळ. घरच्यांना बाइटसाठी फोन करायचा नाही, वरून कितीही दबाव आला तरी. आणि खाली करुण बासरी लावायची नाही. एडिटिंगला बसलेला मुलगा सवयीने लावेलच, त्याला काढायला लाव. या माणसाच्या आवाजात कायम काहीतरी मजेदार सांगायला आल्याची लगबग असायची. त्याच्याखाली सारंगी-बासरी म्हणजे त्यांचा सूरच बदलण्यासारखं आहे.

क्लिप कापताना वाक्य संपल्या संपल्या फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली ओढू नकोस. पुढच्या वाक्याआधी ते श्वास घेतात, तो राहू दे. हेडफोन लावून ऐक, म्हणजे कळेल. त्यांच्या हेलकाव्यांची नक्कल गल्लोगल्ली झाली, पण माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं ते त्या श्वासामुळे.

आता माहितीचं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. गीतमाला आकाशवाणीवर सुरू झाली असं निम्मे लोक छातीठोकपणे सांगतील. 1952मध्ये ती रेडिओ सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या केंद्रावर सुरू झाली. त्या काळात केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या बाळकृष्ण केसकरांना सिनेसंगीताचं वावडं होतं, आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली होती. श्रोते उठून सिलोनकडे गेले. विविध भारती आली 1957मध्ये, तोवर लोकांच्या काट्याला कोलंबोची सवय लागून गेली होती. सयानी मात्र बोलत मुंबईतून. इथे रेकॉर्डिंग व्हायचं, टेप विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून शॉर्टवेव्हवर परत आपल्याच घरात यायच्या. विविध भारतीवर गीतमाला आली ती थेट 1989मध्ये आणि 1994पर्यंत चालली. मधल्या काळात प्रायोजक टूथपेस्टचं नाव बदललं आणि 'बिनाका गीतमाला'ची 'सिबाका गीतमाला' झाली, तेही लक्षात ठेव.

ते स्वतः सांगत, की सुरुवातीला या कामाचे आठवड्याला 25 रुपये ठरले होते आणि पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 पत्रं आली. ती पत्रं वाचायची, वर्गवारी करायची, हेही त्यांच्याच अंगावर. हा तपशील घे. 'प्रचंड लोकप्रियता' म्हणण्यापेक्षा पत्रांच्या गोण्यांपुढे बसलेला विशीतला मुलगा लोकांना लगेच दिसेल.

आणखी एक गोष्ट, खास तुझ्यासाठी. तू मागे म्हणाली होतीस की तुझ्या हिंदीत मराठी डोकावतं. सयानींना आकाशवाणीच्या हिंदी विभागाने आवाजाच्या चाचणीत नाकारलं होतं, उच्चारांत इंग्रजी आणि गुजराती येतं म्हणून. पुढे साऱ्या उपखंडाला समजेल अशी सोपी हिंदुस्थानी ज्यांच्या तोंडी बसली, ते हेच. तिचं मूळ घरात होतं. त्यांच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत. भाषा सोपी, आणि लिपी तीन: नागरी, उर्दू, गुजराती. अमीन लहानपणापासून त्या कामात हातभार लावत. कार्यक्रमातली पाच मिनिटं यालाच दे, हवं तर एखादं गाणं कमी कर. गाणी लोकांकडे फोनमध्ये आहेत.

आता श्रोत्यांचे फोन. हाच कार्यक्रमाचा गाभा. 'तुम्हाला काय वाटतंय?' असं विचारू नकोस, उत्तर पाठ केल्यासारखं येतं. रेडिओ कुणाचा होता ते विचार. तेव्हा रेडिओला पोस्टात परवाना फी भरावी लागे, घरोघरी सेट नसायचा. बुधवारी रात्री आठला कुणाच्या ओट्यावर बसायचात, आवाज खरखरला की सेट कोण हलवायचं, कुठल्या गाण्यावर पैज लावली होती आणि ते पायदान, म्हणजे गीतमालेतला क्रमांक, चढलं की घसरलं? एवढं विचारलंस की माणूस सुटेल. वडिलांबद्दल बोलेल, दुरावलेल्या भावाबद्दल बोलेल. मध्येच थांबेल. तिथे तू बोलायचं नाहीस. स्टुडिओत आपल्याला दोन सेकंदांच्या शांततेची भीती घातलेली असते, उद्या चार सेकंद जाऊ देत.

न पाहिलेल्या माणसासाठी लोक इतके हळवे का होतात, असं तू विचारलंस. प्रदीप भिडे 2022मध्ये गेले तेव्हाही मी हेच पाहिलं. दूरदर्शनच्या बातम्यांतला त्यांचा आवाज आठवून लोक बोलायला लागायचे आणि तिसऱ्या वाक्याला आपल्या आजोबांच्या आरामखुर्चीपाशी पोचायचे. रोज किंवा दर आठवड्याला ठरल्या वेळी येणारा आवाज घरातल्या माणसांत मिसळून जातो. तो गेला की त्या वेळी आसपास असलेली सगळी माणसं एकदम आठवतात, त्यातली बरीचशी आधीच गेलेली. तेव्हा उद्या फोनवर रडणारी एखादी आजी सयानींसाठीच रडत असेल असं नाही. तिला दुरुस्त करू नकोस आणि गाडी मुद्दाम विषयाकडे वळवूही नकोस.

तुमच्यातले काहीजण आज त्यांच्याबरोबरचे आपले फोटो टाकतायत, 'सरांनी माझी पाठ थोपटली होती' वगैरे. टाकू देत. तुझ्याकडे तसा फोटो नाही, ते एका परीने सोयीचंच. कार्यक्रमात तुझा 'मी' येण्याची भीती कमी.

सुरुवातीची लिंक, म्हणजे तुझं निवेदन, आज रात्रीच लिहून पाठव, मी जागाच आहे. पाऊण पानापेक्षा मोठी नको. त्यात एवढं पुरे: जन्म 21 डिसेंबर 1932, मुंबई, निधन काल, वयाच्या 91व्या वर्षी. पुरस्कार सांगायचा तर पद्मश्री, 2009. कुणीतरी हमखास पद्मभूषण लिहून देईल, ते तपासून घे.

तुझा,
काका