शेर अडला की ऊठ

तुझी गझल वाचली. मतला, म्हणजे पहिला शेर, छान उतरलाय, पण चौथ्या शेरात सानी मिसरा, म्हणजे दुसरी ओळ, ओढूनताणून बसवलायस, ते लगेच कळतं. काफिया, म्हणजे यमक, सापडला म्हणून खयाल त्याच्या मागे फरफटत गेलाय.

असं झालं की वही मिट आणि ऊठ. पण त्याआधी तासभर तरी झटापट झालेली हवी हं. लगावली, म्हणजे ओळीतला लघु-गुरूंचा क्रम, डोक्यात घोळत असेल तरच पुढचं काही घडतं. मग भांडी घास, लसूण सोल, भाजी आणायला पायी जा. मोबाइल मात्र घरीच. रील्स बघणं ही विश्रांती नव्हे, ती डोक्यात दुसऱ्यांची बडबड भरणं.

गणितज्ञ हॅमिल्टन एका कोड्याशी वर्षानुवर्षं झगडत होता. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये बायकोबरोबर कालव्याकाठाने चालताना त्याला उत्तर सुचलं, तर गड्याने पुलाच्या दगडावरच सूत्र कोरलं! तू आपला खिशात कागद-पेन्सिल ठेव.

माझे निम्मे शेर कुकरच्या शिट्ट्या मोजताना आलेत. मग शिट्ट्या चुकतात, भाताचा गिचका होतो आणि घरी बोलणी बसतात ती वेगळीच.

तो चौथा शेर सध्या बाजूला काढ. बाकीचे पाठव, मात्रा तपासून देतो.