नवजात बाळाला जाणीव असते का, की त्याचं हलणं म्हणजे नुसती प्रतिक्षिप्त क्रिया?

पंधरा दिवसांचं बाळ हात हलवतं तेव्हा त्याला त्यातलं काही कळतं का, असं तुम्ही विचारलंय, कारण घरात सगळे म्हणतात, ‘त्याला अजून काय कळतंय!’ शास्त्रज्ञांचं यावर एकमत नाही. माझं मत विचाराल तर, कळतं.

प्रतिक्षिप्त क्रिया असतातच. तळहाताला बोट लागलं की मूठ मिटते, डोकं अचानक मागे गेलं की दोन्ही हात फाकतात. पण माझी मुलगी बारा दिवसांची असताना रात्र रात्र तिला मांडीवर घेऊन बसायचो, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. हात तोंडाकडे जायचा, कधी गालावर आपटायचा, कधी नाकावर. आणि पुष्कळदा मूठ पोचायच्या आधीच तोंड उघडलेलं असायचं. स्पर्श झाल्यावर उघडलं असतं तर प्रतिक्षिप्त म्हटलं असतं. इथे स्पर्श व्हायचाच होता.

नंतर वाचताना ऑड्री वान डर मेर आणि सहकाऱ्यांचा 1995चा प्रयोग सापडला. दोन-तीन आठवड्यांची बाळं उताणी, मान एका बाजूला वळलेली. दोन्ही मनगटांना दोरीने हलकंसं वजन बांधलेलं, हात पायांच्या दिशेने ओढणारं. जो हात बाळाला दिसत होता तो त्याने वजनाविरुद्ध वर धरून ठेवला. न दिसणारा खाली ओढला गेला. मग पलीकडचा हात छोट्या पडद्यावर दाखवला, तर बाळ तोच सावरायला लागलं! पुढे त्यांनी अंधाऱ्या खोलीत उजेडाची एक अरुंद तिरीप सोडली. बाळं हात त्या तिरिपेत आणत, आणि आत शिरायच्या आधीच हाताचा वेग कमी करत. उजेड कुठे आहे आणि हात कुठे पोचणार, याचा अंदाज असल्याशिवाय हे कसं होईल?

आवाजाचंही तसंच. 1980मध्ये डीकॅस्पर आणि फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. चोखण्याच्या लयीवर आईचा आवाज लागणार की परक्या बाईचा, हे ठरायचं. बाळांनी आईचा आवाज लागेल अशी लय धरली.

‘मी हात हलवतोय’ असा विचार त्या डोक्यात नसतो, हे उघड आहे. पण करून बघणं आणि त्याचं काय होतं ते टिपणं सुरू झालेलं असतं, आणि माझ्या मते जाणीव तिथूनच उमलते.

‘काय कळतंय’ या समजुतीची किंमतही बाळांनी मोजली आहे. 1980च्या दशकापर्यंत अनेक नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया अपुऱ्या भुलेत व्हायच्या, कधी केवळ स्नायू सैल करणारं औषध देऊन. 1987मध्ये कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वेदनाशामक नीट दिलं तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण पुष्कळ कमी येतो. त्यानंतर हळूहळू पद्धत बदलली. म्हणून ते वाक्य कुणी सहज म्हटलं तरी मला गप्प बसवत नाही.